आधीच कोरलेला पहिला नंबर

लाल बटण मी पंजानं दाबलं, बोटानं नाही, पंजानं, आणि मशीन जागच्या जागी थांबलं. पंखा चालू, पाण्याचा पंप चालू, पण ज्या डोक्यातून किरण निघतो ते डोकं मधेच अडकलं आणि झाकणाखाली धूर साचला. थांबायचं असतं जरा, धूर बाहेर जाऊ द्यायचा असतो, मंग झाकण उघडायचं, हे मला शिकवलेलं होतं. पण कुठलं थांबणं. उघडलंच मी. धूर नाकात गेला, डोळ्यात गेला, मागच्या खोलीत झोळीतली पोर दचकून उठली, रडायला लागली, आणि मी एका हातात आरसा, दुसऱ्या हातात तो गरम कप धरून उभी, आणि तोंडातून निघतं काय, तर "ए बाई, ए बाई, ए बाई."

आरशात माझ्या पोरीचं नाव होतं.

वरती "सुदृढ बालक स्पर्धा". त्याच्याखाली "प्रथम क्रमांक". त्याच्याखाली माझी पोर, तिच्या बापाचं नाव, आडनाव. आणि स्पर्धा तर अजून झालीच नव्हती. परवा होती, रविवारी.

आरसा कशाला ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई मशीनपुढं नटत होती. आम्ही कप म्हणायचो पण तो खरा कप नसायचा, ॲक्रेलिकचा जाड तुकडा असायचा, काचेसारखा, ज्योतीच्या आकाराचा नाहीतर कमळाच्या, आणि खाली लाकडी बैठक. त्याच्यावर अक्षरं मागच्या बाजूनं कोरायची, उलटी, म्हणजे समोरून पाहिलं की सुलटी आणि आतून कोरल्यासारखी दिसतात. तर कोरताना सगळं उलटं दिसतं. एकदा आमचे हे उलटं करायचं विसरले आणि एका शाळेच्या सगळ्या ढाली वाया गेल्या. तेव्हापासून मी खिशातला आरसा काचेच्या झाकणावर तिरपा धरून वाचून घ्यायची, हळूहळू, एकेक अक्षर. सातवीपर्यंतच शाळा माझी, सुलटं वाचायलाच वेळ लागतो.

आणि हे मशीन काही आपण लिहितो तसं अक्षराला अक्षर लिहीत नाही. ते डोकं सारखं इकडून तिकडं पळतं, बारीक बारीक रेघ मारत. म्हणून आधी सगळ्या नावाची डोक्यावरची रेघ येते, आणि मंग त्या रेघेला खाली अक्षरं लोंबत लोंबत येतात, वल्या धोतरातून पाणी उतरावं तशी. मी बटण दाबलं तेव्हा नावाची ओळ बरीचशी उतरली होती. फक्त खालचे तुकडे राहिले होते. अक्षरांचे पाय. माझी पोर अजून उभी राहायला लागली नव्हती, आणि कपावर तिच्या नावाला पाय नव्हते.

पहिला विचार काय आला सांगू? करणी. कोणीतरी माझ्या पोरीचं नाव माझ्याच हातानं जाळून घेतंय. हसू नका. लहानपणी ऐकलेलं असं कुठं जात नाही, ते पोटात बसलेलं असतं, आणि ती वेळच तशी होती.

वेळ कशी होती तेही सांगते.

मी धुळ्याकडची. सासर सावद्याचं, केळीवालं. नावं मी इथं कोणाचीच घेणार नाही, त्यातली काही माणसं अजून आहेत आणि माझं त्यांच्याशी जाणं-येणं आहे. आमचे हे घरात धाकटे, शेतात मन नव्हतं यांचं. जळगावात आले आणि नानांकडं कामाला लागले. नाना म्हणजे दुकानाचे मालक. मूळ धुळ्याचेच, धुळ्यात त्यांचं कप-ढालींचं जुनं दुकान, आणि जळगावच्या पिंप्राळ्यात हे नवीन. दोन हजार साल येणार, येणार म्हणून जिकडंतिकडं बोलणं चाललं होतं, त्या वेळेस नानांनी सुरतेहून हे लेसरचं मशीन आणलं. जुनंच, कोणाचं तरी वापरलेलं. नारळ फोडला, झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. दुकानाच्या मागं एक खोली होती ती नानांनी आम्हाला राहायला दिली. म्हणजे पुढं मशीन आणि मागं आमचा संसार, मधी एक दार आणि दाराला साडीचा पडदा.

यांना सारखं धुळ्याला जावं लागायचं, माल न्यायला, आणायला. मंग मशीन कोण चालवणार? मी. हे आधीच सगळं लिहून कंप्युटरमधी ठेवून जायचे, मी तुकडा ठेवायचा, झाकण लावायचं, हिरवं बटण दाबायचं. एखादी ओळ नको असली तर ती निवडून पुसायची, इतकं मला यायचं. धूर पाइपातून खिडकीबाहेर जायचा. थोडा घरात पण राहायचा, खोटं कशाला बोलू. जळक्या ॲक्रेलिकचा तो आंबूस वास माझ्या पदराला, गोधडीला, पोरीच्या जावळाला.

आणि पोर खोकायची.

सासूबाई सावद्याहून आल्या की आधी पोरीला उघडी करून पाहायच्या. "हे पाय हायेत का अगरबत्त्या?" म्हणायच्या. "त्या यंत्रानं पोरीचं रक्त शोषून घेतलं वं. तुले नाही दिसत, मले दिसते." मी म्हणायची, डॉक्टर म्हणतात पोर चांगली आहे. "डॉक्टरले काय जाते म्हनाले?" त्यांची स्वतःची एक पोर लहानपणी खोकल्यानंच गेली होती, हे मला यांनी सांगितलेलं, त्यांनी कधीच नाही. म्हणून मी उलटून बोलायची नाही. पण संक्रांतीला सावद्याला गेलो तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर विषय काढला, की पोर माझ्याजवळ ठेवा. आणि आमच्या यांनी, आईपुढं तोंड उघडत नाही हा माणूस, एकदम बोलून टाकलं, "आई, तिकडं बालकांची स्पर्धा आहे. तिच्यात नंबर लागला तर पोर चांगली आहे असं समज, आमच्याजवळ राहील. नाही लागला तर तू घेऊन जा."

मला विचारलं? नाही. शब्द देऊन मोकळे. अंगावर पिणारी पोर, आणि तिचा बाप बोली लावून बसला.

तर आता तुम्हाला कळलं असेल की तो कप हातात धरून मी "ए बाई, ए बाई" का करत होते. पोर माझ्याजवळ राहणार का सावद्याला जाणार ते ठरायला दोन दिवस होते, आणि कोणीतरी ते आधीच ठरवून माझ्या मशीनमधी टाकलं होतं.

पोरीला पाजलं, कप गोधड्यांच्या घडीत दडवला. तेवढ्यात बाहेर स्कूटर वाजली. नाना.

"काय व्हयनं व? मशीन बंद काब्र?"

"लाइट गेली होती, नाना."

नानांनी वर पाहिलं. डोक्यावर बल्ब ढणढणा पेटलेला. "लाइट ते शे."

मला खोटं बोलता येत नाही, बोललं की लगेच उघडं पडतं. मी कप काढून त्यांच्यासमोर ठेवला. "हे नाव कोणी टाकलं, नाना?"

त्यांनी कप पाहिला आणि आधी कपाळाला हात लावला, कप वाया गेला म्हणून. मंग हसले. "हाई? हाई ते सॅम्पल शे. अक्काले दाखाडनं व्हतं, नाव कसं दिसस ते. बठ्ठासना आधी तुन्हीच पोर ध्यानमा उनी, टाकी दिधं."

म्हणे सगळ्यांच्या आधी माझीच पोर आठवली, टाकलं नाव. अक्का म्हणजे ज्या महिला मंडळाची ती स्पर्धा होती त्याच्या मुख्य बाई.

"सॅम्पलला आपण उरलेला तुकडा लावतो, नाना. हा तर मोठा कप आहे. एवढा मोठा एकच होता."

"तू भलती ईचारस व. पोलीसमा भरती व्हई जाय." परत हसले, पण डोळ्यांत हसू नव्हतं. कप पिशवीत घातला. "तो धुळे जायेल शे ना, त्याले फोन करस. सकाय दुसरा कप लई येवाले सांगस. तू काही मनमा लेऊ नको."

मनमा लेऊ नको म्हटलं की माणूस मनातच घेतो.

त्या संध्याकाळपासूनच मी सगळ्यांचा हिशेब लावत बसले. नानांचा तर आधी. हा माणूस असा, की कापून उरलेले बोटभर तुकडे फेकू देत नाही, त्याच्या किल्लीच्या साखळ्या बनवतो. मशीनचा पंखा बिघडला तर आधी म्हणतो पुठ्ठ्यानं वारा घाल. आणि त्यानं मंडळाला सगळे कप फुकट दिले? का? मला आधी कळलं होतं तेव्हा मी म्हटलं होतं, पुण्य करताहेत. आता वाटलं, पुण्य करणारा माणूस कोणाच्या पोरीचं नाव कशाला कोरेल. मंग यांच्यावर संशय. यांनीच तर सगळं लिहून ठेवलेलं असतं. मंग वाटलं नाही, हे धुळ्याला गेल्यावर नानांनी कंप्युटर लावला असेल. मंग सासूबाईंवर पण. का नाही? नंबर आला तर पोर सुदृढ, अंगावरचं तोडता येईल, मंग न्यायला मोकळ्या. असं पण आलं माझ्या डोक्यात. एकदा संशय घुसला की तो घरात कोणालाच सोडत नाही. पोरीकडं पाहिलं, ती पायाचा अंगठा तोंडात घालून मजेत, तेवढी एकटीच सुटली.

शनिवारी सकाळी अक्का दुकानात आल्या, कप पाहायला. इस्त्रीची साडी, पर्स, बोलणं एकदम शहरी. बाकीचे कप पाहिले, छान छान म्हटल्या. मंग पडद्याजवळ आल्या. मी पोरीला कडेवर घेऊन उभी.

"हीच का ती?"

फक्त इतकंच म्हटल्या. हीच का ती. मी त्यांना कधी पोर दाखवली नव्हती, स्पर्धेत नाव पण यांनीच जाऊन दिलं होतं.

"हीच म्हणजे?" मी विचारलं.

"नाही गं, गोड आहे." गालाला बोट लावलं तिच्या. मंग आवाज बारीक करून म्हणतात, "आज तरी जरा दूध-तूप दे. अगदीच रोड नको दिसायला, लोकांच्या डोळ्यावर येतं. झबलं जरा फुगीर घाल. झालरीचं आहे ना एखादं?"

"आहे."

"मग झालं." आणि निघाल्या.

झालरीचं झबलं घालून तराजू फसतो का? मी त्यांच्या पाठीकडं पाहत राहिले. सगळ्यांना माहीत होतं. सगळ्या जळगावाला माहीत होतं, बटण दाबणारी मी सोडून.

हे दुपारी आले. धुळ्याच्या गाडीतून, शर्टाला घामाचे पांढरे डाग, काखेत नवा कप वर्तमानपत्रात गुंडाळलेला. मी पाणी दिलं. जेवायला वाढलं. त्यांनी पहिला घास घेतला आणि मी पोर त्यांच्या मांडीवर ठेवली.

"हिच्या डोक्यावर हात ठेवून सांगा. तुम्ही टाकलं का नाव?"

"अगं जेवू दे."

"हात ठेवा."

त्यांनी डावा हात ठेवला, उजवा खरकटा होता. आणि मंग हो म्हणाले, सगळं सांगितलं, भाकरीकडं पाहत. नानांना त्यांनीच सांगितलं होतं, घरी आईला असा शब्द दिलाय, आता काय करू. नाना म्हणाले, काही चिंता करू नको, अक्काचं मंडळ आपल्याकडंच येतं दरवेळेस, या वेळेस कप फुकट देऊ, त्या नंबर देतील.

"मंग नाव आधी कशाला कोरायचं?"

"नंबर काढणारी डॉक्टरीणबाई बाहेरची आहे. धुळ्याहून येणार. ती ऐन वेळेस म्हणेल हे पोर नाही, ते पोर. पण नाव कोरलेलं असलं की काय करेल? अक्का म्हणतील, राहू द्या बाई, कप तयार झालाय, आता कुठं बदलता. कोरलेलं पुसता येत नाही ना."

मी तर हबकलेच. इतकं डोकं लावलं होतं यांनी. ज्या माणसाला भाजी आणायला सांगितलं तर कोथिंबीर विसरतो.

"आणि नानांना काय भेटणार?"

"नानाला काय! नाना आपला माणूस."

"त्यांना काय भेटणार?"

घास गिळला त्यांनी. "म्हणे नाशिकचं नाव काढू नको. बस इतकंच."

नाशिकला एक जण असंच मशीन घेत होता, यांना बोलावत होता, राहायला वेगळी जागा, दुकानापासून लांब. आम्ही दोघांनी तो विषय फक्त आपसात काढला होता, पडद्याच्या मागं. आणि पडद्याच्या पुढं नाना बसलेले असायचे हिशेब करत. मी पडद्याकडं पाहिलं. साडीचा कपडा तो, आवाज काय अडवणार.

"म्हणजे आपण इथंच. जन्मभर."

"तुला पोर पाहिजे का नाशिक पाहिजे?" ते एकदम ओरडले. "तुझ्यासाठीच केलं ना मी हे? तूच रडत होती ना संक्रांतीपासून?"

हो, रडत होते मी. खोटं नाही बोलले ते. आणि त्यांच्या डोळ्यात पण पाणी आलं होतं, हे पण सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल माणूस वाईट होता.

नवा कप त्याच दिवशी कोरून टाकायचा होता, पण लाइट गेली आणि आलीच नाही. सांजच्या गाडीनं सासूबाई आल्या. डोक्यावर केळीची फणी बांधलेलं गाठोडं आणि हातात पत्र्याची पेटी. मी पेटी घ्यायला हात लावला तर हलकी, एकदम हलकी. रिकामी होती. मी त्यांच्याकडं पाहिलं, त्यांनी माझ्याकडं.

"पोरीचे कपडे धुऊन ठेवजो वं. नंबर नाही लागला तं उद्याच नेईन."

"लागला तर?"

"लागला तं रिकामी पेटी घेऊन जाईन. मले काय पेटीचं वझं हाये?"

रविवारी सकाळी नाना आणि हे हॉलवर गेले, टेबलं लावायची होती, पडदा बांधायचा होता. जाताना हे मला म्हणाले, "लाइट आली की तेवढा एक कप मार, आणि पोरीला घेऊन रिक्षानं ये. अर्ध्या तासाचं काम आहे." आणि दारातून परत आले, "ऐक, कोरायचं सगळं कंप्युटरमधी आहे, तू फक्त हिरवं बटण दाब." जसं काही मी ते पहिल्यांदाच दाबणार होते.

लाइट आली. पंप चालू झाला, पंखा चालू झाला. मी कपावरचा कागद सोलला, ठेवला, झाकण लावलं. पडद्याच्या मागं सासूबाई पोरीला तेल लावत होत्या, पायापासून वरती, आणि काहीतरी गुणगुणत होत्या तिच्यासाठी, शब्द नाहीत, नुसता सूर. पोर खिदळत होती. मला वाटलं होतं सासूबाईंच्या अंगावर पोर रडेल. रडत नव्हती.

कंप्युटरवर तिन्ही ओळी. स्पर्धा, नंबर, नाव.

मी काही देवमाणूस नाही. दुसऱ्याच्या पोराचा हक्क जाईल म्हणून माझा हात थांबला असं मी म्हणणार नाही. मला भीती वाटत होती. नानांची. आज हा माणूस पोरीचं नाव कोरून देतोय, उद्या काय मागेल? नाशिक तर घेतलंच. उद्या म्हणेल खोलीचं भाडं दे, आम्ही देऊ. परवा म्हणेल रात्रपाळी कर, आम्ही करू. तोंडातून नाही म्हणायची सोय राहणार नाही, का तर ती पोर तुमच्याजवळ कोणामुळं आहे? आणि अक्का, रस्त्यात भेटल्या की तशाच पाहणार, हीच का ती. आणि ते बिनपायाचं नाव. एकदा अर्धं जळलं, आता परत पूर्ण जाळायचं. आणि तरी, तरी हात हिरव्या बटणावरच होता, कारण पलीकडं पोर होती, माझी.

खूप वेळ झाला असेल. सासूबाईंनी आतून हाक मारली, "झालं का वं तुझं यंत्र?"

मी तिसरी ओळ निवडली आणि पुसली. मंग हिरवं बटण दाबलं.

कपावर "प्रथम क्रमांक" आलं आणि खाली मोकळी जागा. मशीन थांबल्यावर पण मी जागची हलले नाही, धूर पूर्ण बाहेर जाऊ दिला, शिकवल्यासारखा.

हॉलमधी काय गलका सांगू तुम्हाला. तीट लावलेली पोरं, काजळ पसरलेली पोरं, एकानं तर तराजूतच मुतून दिलं आणि त्याची आई म्हणते, "आता त्याचं वजन परत करा, कमी झालं असेल," सगळ्या बाया हसून हसून. मी हसले नाही. मी कपाची पिशवी अक्कांच्या हातात दिली. त्यांनी कप काढला, पाहिला, उलटा करून पाहिला. माझ्याकडं पाहिलं. मंग नानांकडं. नानांनी आमच्या यांच्याकडं. असं ते एकाकडून दुसऱ्याकडं फिरत राहिलं आणि माझ्यावर येऊन थांबलं.

"नाव?" अक्का दातावर दात ठेवून म्हटल्या.

"लाइट गेली होती," मी म्हटलं. या वेळेस नीट जमलं खोटं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी तो कप सहज उचलला. "बरं केलं नाव नाही टाकलं ते," म्हणतात, "नंतर टाका." आणि त्या एकेक पोर पाहत गेल्या. दात, डोळे, टोचलेलं, वजन, उंची. माझ्या पोरीला त्यांनी चावी दाखवली, तिनं झटक्यात हिसकली, सोडेना. "चपळ आहे हो," म्हटल्या. "छान आहे. वजन जरा कमी आहे, काळजीचं काही नाही. खोकला आहे का? घरात धूर असतो का?"

मी हो म्हटलं. काय म्हणणार होते?

सासूबाई माझ्या मागंच उभ्या होत्या.

पहिला नंबर एका भाजीवालीच्या पोराला मिळाला. गोल, काळं, गुटगुटीत, हाताला वळ्या पडलेल्या. त्याच्या आईनं कप घेतला, आणि मोकळ्या जागेवरून बोट फिरवत विचारते, "इथं नाव पडंल ना पोराचं?" नाना म्हणाले पडेल. आमच्या पोरीचा नंबर दुसरा नाही, तिसरा नाही, काहीच नाही. झालरीचं झबलं घातलेलंच नव्हतं मी.

"ऐकलं ना?" सासूबाई म्हटल्या. "वजन कमी. धूर." ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी भांडले असते.

सावद्याची गाडी दुपारची होती. हे स्टँडवर आले, पेटी वर ठेवून दिली आणि खांबाला टेकून उभे राहिले. मला वाटत होतं शेवटच्या घटकेला म्हणतील, आई, राहू दे. नाही म्हणाले. पोर खिडकीतून माझ्याकडं हात करत होती, तिला वाटलं मी पण येतेय मागून. गाडी गेली. घरी येईपर्यंत माझा पदर दुधानं वला झाला होता.

त्यानंतर मशीन मीच चालवलं. त्या भाजीवालीच्या पोराचं नाव पण मीच कोरलं, नाना समोर खुर्ची टाकून बसले होते. कोरून झालं तसे म्हणतात, "दुन्यान्या पोरेस्नं नाव मारशी, तुन्ही पोरनं नही. काय बाई शे!" मी पुढचा तुकडा लावला. हे कितीतरी दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. नाशिकला त्या माणसाला वाट पाहून दुसरा कोणी भेटला. म्हणजे नाशिक पण गेलं, पोर पण गेली. फक्त नानांच्या डोळ्याला डोळा भिडवून पाहता येत होतं, तेवढं राहिलं. त्याचं काय करू मी, ताटात वाढू?

पोळा झाल्यावर सासूबाई स्वतःच पोरीला परत घेऊन आल्या, आता पोर बरी झाली म्हणून. गाल भरलेले, खोकला नाही. अजिबात नाही. मी हात पुढं केले तर तिनं सासूबाईंच्या लुगड्यात तोंड लपवलं. सासूबाईंनीच तिला सोडवून माझ्याकडं दिली, "तुझी माय हाये वं, जा," आणि मंग पटकन वळल्या, डोळे पुसायला असेल, मला दिसलं नाही.

खोकला कशानं गेला? धूर नव्हता म्हणून? का केळी खाऊन? का वाढत्या पोरांचा जातोच तसा? म्हणजे सासूबाई सुरुवातीपासून खरं बोलत होत्या, आणि माझाच संशय उलटा होता का? का त्यांनी जे नेलं ते नेलंच? इतकी वर्षं झाली, मी अजून एकदा असं धरते, एकदा तसं. यांना विचारलं तर म्हणतात सोड आता.

तुम्ही लेकरावाल्या असाल तर खरं सांगा, मला बरं वाटावं म्हणून नको. अंगावर पिणारी पोर तुमची, पलीकडं खिदळतेय. एक ओळ राहू दिली तर ती तुमच्याजवळ राहते, पुसली तर जाते. आणि ओळ राहू दिली तर तुम्ही कोणाच्या तरी मिंध्या होऊन राहता, कायमच्या. तुम्ही काय केलं असतं?